शार्लमेनच्या आधी कोण?

[दृश्य : नेमरुत पर्वताचं शिखर, पहाटेचा प्रकाश]

आग्नेय तुर्कस्तानातला नेमरुत पर्वत. उंची 2,100 मीटरच्या वर. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात कोम्माजीन नावाचं एक छोटं राज्य इथे होतं. त्याचा राजा पहिला अँटिओकस याने या शिखरावर आपलं समाधिस्थळ उभारलं. इथे येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी जाते ती देवांच्या प्रचंड मस्तकांकडे. आपण मात्र बाजूला रांगेने मांडलेल्या या दगडी पाट्या पाहू. एकेका पाटीवर राजाचा एकेक पूर्वज कोरलेला आहे. एक रांग वडिलांकडची, ती इराणच्या पहिल्या दरायसपासून सुरू होते. दुसरी आईकडची, ती अलेक्झांडरपासून.

यातलं खरं किती? आई लाओदिके ही अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस याच्या राजघराण्यातली, हे पक्कं. वडिलांकडच्या रांगेतल्या ओरोंतेस नावाच्या क्षत्रपाने, म्हणजे प्रांताधिकाऱ्याने, इराणच्या दुसऱ्या अर्तक्सर्क्सेसची मुलगी ऱ्होदोगुने हिच्याशी लग्न केलं, हे ग्रीक लेखकांनीही नोंदवलं आहे. पण त्या ओरोंतेसपासून अँटिओकसपर्यंतच्या काही पिढ्या अंधारात आहेत. आणि अलेक्झांडरचं काय? त्याचा मुलगा चौथा अलेक्झांडर कोवळ्या वयातच मारला गेला. त्याच्यापुढे तो वंश चालल्याचा कुठलाही पुरावा नाही. म्हणजे सिद्ध झालेलं, संभवनीय आणि निव्वळ मानलेलं असे तिन्ही प्रकारचे पूर्वज इथे शेजारी शेजारी उभे आहेत, आणि दगडावर तिघांचीही अक्षरं सारखीच ठळक आहेत. राजवंशांच्या जुन्या याद्या वाचताना खरी अडचण हीच असते.

आता प्रश्न असा. मध्ययुगीन युरोपातल्या एखाद्या राजापासून मागे निघालं आणि प्रत्येक पिढीला पुरावा मागितला, तर प्राचीन काळापर्यंत पोहोचता येतं का?

आजवर तरी नाही. पश्चिम युरोपातल्या बहुतेक राजघराण्यांच्या वाटा शार्लमेनपाशी येऊन मिळतात. इ.स. 800 च्या नाताळात रोममध्ये ज्याला सम्राटपदाचा मुकुट घातला गेला, तो हा शार्लमेन. त्याचे वडील ठेंगणा पेपिन, आजोबा चार्ल्स मार्टेल, पणजोबा हेर्स्तालचा पेपिन, खापरपणजोबा अन्सेगिसेल आणि त्याचे वडील मेत्सचे बिशप अर्नुल्फ. अर्नुल्फ यांचा जन्म सहाव्या शतकाच्या अखेरचा. इथे वाट थांबते.

वंश अर्थातच तुटलेला नाही, तुटली आहे ती नोंद. तीस पिढ्या मागे गेलं तर प्रत्येक माणसाच्या पूर्वजांच्या जागा 107 कोटींच्या वर भरतात. त्या काळी पृथ्वीवर एवढी माणसंच नव्हती. तेव्हा तीच माणसं वंशवृक्षात पुन्हा पुन्हा येणार, आणि आजच्या युरोपीय माणसाचं रोमन काळातल्या कुणाशी तरी नातं असणारच. पण "नातं असणारच" यातून नावं कळत नाहीत. बापाचं नाव, लेकाचं नाव आणि ते सांगणारा समकालीन कागद, या तिन्ही गोष्टी एकत्र सापडल्या तर वंशावळ होते.

रोमच्या सिनेटर घराण्यांची माणसं साम्राज्य कोसळल्यावर नाहीशी झाली नाहीत. गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, त्यातली बरीचशी चर्चमध्ये शिरली. तूरचे बिशप ग्रेगरी अशाच घराण्यातले. आपल्या आधीच्या तूरच्या बिशपांपैकी पाच वगळता बाकी सगळे आपल्या नात्यातले होते, असं ते स्वतः लिहितात. 594 मध्ये ग्रेगरी गेले. त्यानंतर गॉलमध्ये त्यांच्याइतक्या बारकाईने घराण्यांविषयी लिहिणारं कुणी दिसत नाही. शिवाय रोमन कुळनावं वापरातून गेली, माणसाला एकच नाव उरलं. एका नावावरून कूळ ओळखायचं कसं?

[दृश्य : मेत्स शहर, मोझेल नदी]

ही पोकळी मेत्समध्ये भरली गेली. अर्नुल्फ यांच्या जुन्या चरित्रात ते कुलीन फ्रँक, म्हणजे गॉल जिंकणाऱ्या जर्मानिक लोकांपैकी, असल्याचं सांगितलं आहे, आईवडिलांची नावं नाहीत. जवळजवळ दोन शतकांनी, शार्लमेनच्या काळात, नवी वंशावळ तयार झाली. तिच्यानुसार अर्नुल्फ यांचे आजोबा अन्सबर्ट नावाचे सिनेटर आणि आजी ब्लिथिल्ड, क्लोथार राजाची मुलगी. एका लग्नात दोन वारसे हाती आले, रोमन सिनेटरांचा आणि शार्लमेनच्या घराण्याआधी फ्रँकांवर राज्य करणाऱ्या मेरोव्हिंजियन राजांचा. पिढ्यांचा हिशेब केला तर हा क्लोथार पहिला ठरतो. पण पहिल्या क्लोथारची मुलंबाळं ग्रेगरींनी नावानिशी दिली आहेत. त्यांत मुलगी एकच, क्लोदोसिंद. ब्लिथिल्डचा पत्ता नाही.

याच सुमारास पॉल द डीकन हा इतिहासकार आणखी मागे गेला. अन्सेगिसेलच्या नावाचं त्याने लिहिलेलं रूप अन्खिसस. ट्रॉयच्या एनियसच्या बापाचं नाव अँखायसिस. तेव्हा हे नाव तिथूनच आलं असं मानतात, असं त्याने लिहून ठेवलं. फ्रँक लोक ट्रॉयहून आले, ही कथा तर सातव्या शतकापासूनच चालत होती.

नावांवरून नातं शोधणं हा आजच्या संशोधकांचाही मोठा आधार आहे, आणि तो पोकळ नाही. आजोबाचं नाव नातवाला देण्याची रीत होती. एखादं दुर्मीळ नाव त्याच मुलखात, त्याच जमिनींच्या मालकांत पुन्हा दिसलं तर नात्याचा संशय रास्त ठरतो. पण 778 साल आठवावं. शार्लमेनला जुळे मुलगे झाले आणि त्यांची नावं ठेवली लुई आणि लोथार. ही क्लोव्हिस आणि क्लोथार या मेरोव्हिंजियन राजांचीच नावं, फक्त रूप बदललेलं. त्यांच्या गादीवर तर शार्लमेनच्या वडिलांनीच 751 मध्ये कब्जा केला होता. म्हणजे कूळ न जुळताही नावं घेता येत होती. नावांवर उभारलेली प्रत्येक वंशावळ या एका उदाहरणासमोर धरून पाहावी, असं मला ठामपणे वाटतं.

इंग्लंडच्या राजांचं थोडक्यात सांगतो. त्यांचा मूळपुरुष वोडन, म्हणजे जुना देव. राजे ख्रिस्ती झाल्यावर देव पूर्वज म्हणून चालेना. मग वोडन माणूस झाला, आणि आल्फ्रेड राजाच्या काळात यादी त्याच्याही मागे नोहाच्या नौकेत जन्मलेल्या एका मुलापर्यंत आणि शेवटी आदमपर्यंत गेली.

[दृश्य : कॉन्स्टँटिनोपल, शिशाचा जुना शिक्का]

सगळ्यांत धीट रचना मात्र पूर्व रोमन, म्हणजे बायझंटाइन, साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल इथली. पहिला बॅसिल शेतकऱ्याचा मुलगा. 867 मध्ये तिसऱ्या मायकेलचा खून झाला आणि बॅसिल एकटा सम्राट उरला. तिथल्या चर्चचे पदच्युत प्रमुख फोटिओस यांनी त्याच्यासाठी आर्मेनियाच्या तिरिदातेस राजापर्यंतची वंशावळ रचली, ती जुन्या कागदावर, जुन्या वळणाच्या अक्षरांत लिहून राजवाड्याच्या ग्रंथालयात ठेवून दिली, अशी हकीकत आहे. तिच्यात "बेक्लास" अशी कूट खूण होती. बॅसिल, राणी युडोकिया आणि कॉन्स्टंटाइन, लिओ, अलेक्झांडर, स्टीफन हे चार मुलगे, यांची ती आद्याक्षरं. ही हकीकत सांगणारा निकेतास फोटिओस यांचा कडवा विरोधक होता, हे विसरता कामा नये. पण बॅसिलच्या नातवाने लिहवून घेतलेल्या चरित्रातही आर्मेनियाच्या राजवंशाचा दावा आहेच.

आणि गंमत पाहा, आज सर्वाधिक आशा आहे ती आर्मेनियाच्याच वाटेवर. तिरिदातेसच्या अर्शाकुनी घराण्याचे राजे तिथे 428 पर्यंत होते. त्या घराण्यातली राजकन्या बाम्बिश्न, तिचा नातू नेर्सेसपुत्र सहाक, आर्मेनियन चर्चचा प्रमुख. सहाकची मुलगी मामिकोन्यान घराण्यात दिली. तिचा मुलगा व्हार्दान 451 मध्ये अवारायरच्या लढाईत पडला. इथवर पाचव्या शतकातल्या लेखकांचा आधार आहे. पुढे मामिकोन्यानांची नावं भेटत राहतात, पण कोण कुणाचा मुलगा हे जागोजागी कळत नाही. 775 मध्ये बाग्रेवांदच्या पराभवाने घराण्याची सत्ता मोडली.

या वाटेच्या दुसऱ्या, म्हणजे युरोपकडच्या टोकाला कॉन्स्टँटिनोपलहून आलेली थिओफानू आहे. 14 एप्रिल 972 रोजी रोममध्ये जर्मन सम्राट दुसऱ्या ओट्टोशी तिचं लग्न झालं. जांभळ्या चर्मपत्रावर सोन्याच्या अक्षरांत लिहिलेला तो लग्नाचा दस्त जर्मनीत वोल्फेनब्युटेलला आजही आहे, आणि त्यात ती सम्राट जॉन त्झिमिस्केसची पुतणी किंवा भाची म्हणून येते. जॉनचं घराणं आर्मेनियन मुळाचं. तिच्या मुलीची मुलगी रिखेझा पोलंडची राणी झाली, तिथून खाली वंशाचा विस्तार कागदोपत्री सिद्ध आहे. थिओफानूच्या वर मात्र दोन-तीन पिढ्यांतच अंदाज सुरू होतात.

मधली जागा भरायला पत्रांना आणि दस्तांना लावलेले शिशाचे शिक्के कामी येतात. वॉशिंग्टनच्या डंबर्टन ओक्स संस्थेत असे सुमारे 17,000 बायझंटाइन शिक्के आहेत. त्यांवर नाव असतं, हुद्दा असतो. घराण्याचं नाव मात्र नियमाने दिसू लागतं ते दहाव्या-अकराव्या शतकात, म्हणजे नेमकी गरज होती त्यानंतर. तेव्हा थिओफानूपासून तिरिदातेसपर्यंत सलग रेघ काढलेला तक्ता कुणी समोर ठेवला, तर सातव्या-आठव्या शतकावर बोट ठेवून विचारावं: ही नावं कोणत्या कागदावरून घेतली?