टिटवी ओरडते तेव्हा

(दृश्य: पहाट. दवाने ओला झालेला मोकळा माळ. दूरवर एक माणूस आणि त्याचा कुत्रा.)

दाराशी लीश नुसती वाजली की घरभर नाचणारे चार पाय! कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची ही सकाळ. आज आपण नेहमीचा रस्ता सोडून माळावर आलोय. गाड्या नाहीत, माणसांची वर्दळ नाही. हात आपोआप पट्ट्याच्या हुकाकडे जातो. सोडूया की, इथे आहेच कोण?

(आवाज: टिटवीचा, अगदी जवळून.)

ही आहे.

टिटवी घरटं असं बांधतच नाही. जमिनीत एक उथळ खळगी, कडेने खडे, आणि आत साधारण चार अंडी. रंग मातीचा, वर काळपट डाग. दोन पावलांवर उभं राहून शोधली तरी चटकन दिसत नाहीत. पण हा रंग डोळ्यांना फसवतो, नाकाला फसवत नाही.

नाकापासून लपायचीही धडपड पक्षी करतात, आणि ती थक्क करणारी आहे. पक्षी शेपटीजवळच्या ग्रंथीतलं मेण चोचीने पिसांना लावतात. किनाऱ्यावर चरणाऱ्या काही पक्ष्यांमध्ये उबवणीच्या दिवसांत या मेणाची घडणच बदलते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी शिकवलेल्या एका कुत्र्याला दोन्ही प्रकारची मेणं हुंगायला लावली. २००५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की उबवणीच्या काळातलं मेण शोधणं त्या कुत्र्याला जास्त अवघड गेलं. अंडी वाचवायला पक्षी स्वतःचा वाससुद्धा बदलतो. आणि आपण त्याच खळगीवरून कुत्रा मोकळा धावू देतो.

तुमचा कुत्रा अंडी खाणार नाही, हे मान्य. पण तो जवळ आला की टिटवी उठते, डोक्यावर घिरट्या घालते, जीव तोडून ओरडते. तेवढा वेळ अंडी उघडी. थंडीत ती गार पडतात, उन्हात तापतात. कडक उन्हात टिटवी अंड्यांवर नुसती सावली धरून उभी राहते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवते. हे सगळं सोडून ती आपल्यामागे ओरडत फिरते, कारण आपण हलत नाही. आपल्याला वाटतं, पक्षी छान दिसतोय, एक व्हिडिओ घेऊया. तिचं ओरडणं ऐकू आलं की तिथून मागे फिरायचं, आल्या वाटेने. एवढं केलं की ती परत बसते.

पट्टा बांधला म्हणजे झालं, असंही नाही. सिडनीजवळच्या जंगलवाटांवर केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्ट्याने बांधलेला कुत्रा वाटेवरून नेला, तर तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी घटली. नुसती माणसं चालून गेली, तर परिणाम बहुतेक वेळा याच्या निम्म्याहूनही कमी. जिथे कुत्रे रोज येतात तिथल्या पक्ष्यांनाही त्यांची सवय झालेली नव्हती. म्हणून जिथे 'कुत्र्यांना मनाई' अशी पाटी असते, तिथे ती पाटी मला कुत्राद्वेषी वाटत नाही. कुठेतरी जमिनीवरच्या पक्ष्याला निवांत बसता यायला हवंच.

(दृश्य: कुत्र्याचं डोकं, अगदी जवळून.)

आता हे नीट बघा. कान टवकारलेत. तोंड मिटलं. शेपटी ताठ झाली, आणि पुढचा एक पाय अधांतरी. गवतात ससा आहे की हरणाचं पाडस, आपल्याला दिसत नाही, त्याला कळलंय. हाक मारायची ती या क्षणी. तो एकदा सुसाट सुटला, की घरी शंभर वेळा ऐकलेलं 'ये'सुद्धा त्याच्या कानात शिरत नाही. तो उद्धट नाही, हट्टी नाही. पाठलाग त्याच्या रक्तातच आहे.

हे मी एका सकाळी शिकले. माझी कुत्री अतिशय गुणी, बाळांच्या अंगाखांद्यावर खेळलेली. मी विश्वासाने सोडली. चढावापलीकडे मेंढ्या होत्या, ते मला चढ चढल्यावर दिसलं. ती कुणालाही चावली नाही. शेपटी हलवत नुसती मागे धावत होती, तिच्या लेखी तो खेळ होता. सगळा कळप कुंपणाच्या कोपऱ्यात दाटला, एकीवर एक चढू लागला. मेंढपाळ धावत आला, त्याने मेंढ्या सोडवल्या. मला तो काहीच बोलला नाही. एकेका मेंढीच्या पोटावरून हात फिरवत राहिला.

त्या हाताचा अर्थ मला नंतर कळला. गाभण मेंढीला घाबरून धावावं लागलं, तर ती गाभडू शकते, आणि ते लगेच घडेल असं नाही. काही दिवसांनीही होतं. दाटीत खालच्या मेंढ्या गुदमरून मरतात. अंगावर एक ओरखडाही नसतो. आपण 'काही झालं नाही' म्हणत घरी आलेलो असतो. त्या मेंढ्यांचं पुढे काय झालं, ते विचारायला मी गेले नाही. जायला हवं होतं.

इंग्लंडमध्ये याची कायद्याने बांधणी केली आहे. कायद्याने सर्वांना खुल्या केलेल्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै, म्हणजे पक्ष्यांच्या विणीच्या काळात, कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्याने बांधलेला हवा. गुराढोरांजवळ तर बारा महिने. दोन मीटर म्हणजे कुत्रा आपल्या पावलाशी. बटण दाबलं की सुटत जाणारी दोरी अशा जागी कामाची नाही. कुत्र्याने जोरात हिसका दिला तर हात कापतो आणि कुत्राही जातो.

(दृश्य: चरणाऱ्या गाई. एक वासरू.)

गाईंचं गणित उलटं. मेंढी पळते, वासराची आई अंगावर येते. तिच्या दृष्टीने कुत्रा म्हणजे लांडगाच, आणि नात्याने ते फारसं चूकही नाही. गाय आणि वासरू यांच्यामधून कधीच जायचं नाही. लांबून वळसा घ्यायचा, वाट सोडावी लागली तरी. गाय मान खाली घालून थेट बघायला लागली, खुराने माती उकरायला लागली, तर न पळता, तिच्याकडे पाठ न करता बाजूला व्हायचं.

आणि तरीही ती धावून आलीच तर? पट्टा सोडून द्या. हो, इथे मात्र सोडा. तिला कुत्रा हवा असतो, तो तुमच्यापेक्षा वेगाने पळू शकतो. त्याला उचलून छातीशी धरणारा माणूस तुडवला जातो. ऐकायला निष्ठुर वाटतं, पण दोघंही वाचतात ते असं.

आता जरा अप्रिय विषय. शी. गवतात आहे, खत होईल, असं आपण म्हणतो. बेल्जियममध्ये गेंट शहराजवळच्या वनांत आणि राखीव क्षेत्रांत याचा हिशेब मांडला गेला, २०२२ मध्ये: कुत्र्यांमुळे हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद. हलक्या जमिनीत तगणाऱ्या रानफुलांना हे खत मारक ठरतं. दांडगं गवत माजतं आणि ती फुलं मागे पडतात. शिवाय कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी चाऱ्यात जातो, आणि गाय गाभडते. तेव्हा पिशवीत भरा, आणि पिशवी झुडपाला न अडकवता घरी आणा. जंताचं औषध आणि लसी वेळच्या वेळी. पिसवा-गोचिडांसाठी मानेवर थेंब टाकले असतील, तर काही दिवस ओढ्यात पोहू देऊ नका. त्यातलं कीटकनाशक पाण्यातल्या किड्यांनाही मारतं.

मग कुत्र्याने धावायचंच नाही का?

धावावं. कुंपण घातलेलं मोकळं मैदान असेल तिथे मनसोक्त धावावं. आणि माळावर, आसपास गुरं नाहीत, विणीचे दिवस नाहीत, अशी खात्री असेल तेव्हा पाठीवरच्या हार्नेसला लांब दोरी लावावी, गळ्यातल्या पट्ट्याला नाही. आणि मग घाई करू नये. कुत्र्याला ओढू नये.

(दृश्य: वाटेच्या कडेला गवताचा एक झुबका. कुत्रीचं नाक त्यात.)

या एका झुबक्यापाशी ती तीन मिनिटं उभी आहे. नाकपुड्या फुलतायत, मिटतायत. रात्री इथून कोण गेलं, किती वेळापूर्वी, कुठल्या बाजूला, हे ती वाचतेय. आता तिने मान वळवली, त्याच झुबक्याच्या दुसऱ्या बाजूला नाक घातलं.

अजून झालेलं नाही.