वॉर्डातील नेतृत्व ड्युटीच्या तक्त्यात दिसते
(लातूर येथे रुग्णालयांतील अधिकाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

कर्मचाऱ्यांमध्ये कामाची उमेद कशी टिकवावी, या विषयावर बोलायचे ठरले की सत्कार, शिबिरे आणि ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ या गोष्टी लगेच पुढे येतात. त्यांना माझा विरोध नाही. मात्र त्यांच्यामुळे कोणी नोकरीत टिकून राहिल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. वैद्यकीय अधीक्षक वॉर्डात राउंडपुरते येतात. उरलेला सारा वेळ परिचारिका आणि वॉर्डातील मदतनीस, म्हणजे मामा आणि मावशी, यांचा संबंध असतो तो परिसेविकेशी, म्हणजे आपल्या इन्चार्ज सिस्टरशी. रजा तिच्याकडे मागायची, रात्रपाळ्या तिने लावायच्या आणि नातेवाईक अंगावर धावून आले तर सर्वांत आधी मध्ये उभे राहायचे तेही तिनेच. रुग्णालयातील नेतृत्वाचा विचार म्हणूनच तिच्यापासून सुरू व्हावा, असे माझे मत आहे.

येळवसेचेच, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाचेच पाहा. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी अख्खे गाव शेतात जाते, भज्जी आणि आंबील घरोघरची असते, आणि वॉर्डात मात्र कोणाला तरी थांबावेच लागते. दर वर्षी तीच कंत्राटी परिचारिका थांबत असेल, कारण तिला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, तर त्या वॉर्डात निष्ठेवर भाषण देऊन काय उपयोग? याउलट गेल्या वर्षी कोण थांबले होते याची नोंद ठेवून, महिनाभर आधी सर्वांना दिसेल असा तक्ता लावणाऱ्या इन्चार्जच्या वॉर्डात थांबणारीही कुरकुरते, पण आपल्यावर अन्याय झाला असे तिला वाटत नाही.

अमेरिकेत परिचारिकांची टंचाई असताना काही रुग्णालयांत त्या टिकून कशा राहतात, याचा शोध तेथील अकॅडमी ऑफ नर्सिंगने घेतला आणि १९८३ मध्ये अशा ४१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कामाच्या वेळांतील लवचीकता, रुग्णसेवेतील निर्णयांत परिचारिकांना मिळणारा वाव आणि त्यांचे ऐकून घेणारे वरिष्ठ या गोष्टी त्यात ठळकपणे आढळल्या.

वेतनाबद्दल बोलताना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा हवाला हमखास दिला जातो: पगार कमी असेल तर असंतोष वाढतो, पण केवळ पगाराने खरी प्रेरणा मिळत नाही. हा सिद्धांत १९५९ साली मांडला गेला तो पिट्सबर्ग परिसरातील अभियंते आणि लेखापाल यांच्या मुलाखतींवरून. मानधन वेळेवर न मिळालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यापुढे तो उद्धृत करू नये, एवढेच सांगून मी पुढे जातो.

कारण त्याहून अवघड प्रश्न आहे तो कामात होणाऱ्या चुकांचा. संघटनांतील वर्तनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतील रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विभागांतील परिचारिकांनी आपल्या प्रमुखाला आणि सहकाऱ्यांना चांगले ठरवले होते, तेथेच चुकांची नोंद जास्त निघाली. तेथे चुका अधिक होत नव्हत्या. त्या सांगण्याची भीती कमी होती, हा त्यामागचा उलगडा. आपल्याकडील शून्य चुकांचे अहवाल या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावेत.

समजा, रात्रपाळीच्या परिचारिकेने सकाळी येऊन सांगितले की डिस्टिल्ड वॉटरच्या जागी पोटॅशियम क्लोराइडची, म्हणजे पातळ न करता थेट शिरेत गेल्यास जीवघेण्या ठरणाऱ्या औषधाची, अँप्यूल हातात आली होती, ऐन वेळी लक्षात आले. आपल्या कार्यालयांत यावर पहिला प्रश्न ‘ड्युटी कोणाची होती?’ असा निघतो आणि दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस जाते. विचारायला हवे ते हे, की ही दोन औषधे एकाच ट्रेमध्ये का होती, त्या वेळी एका परिचारिकेकडे किती रुग्ण होते आणि दिवा पुरेसा होता का. संहत पोटॅशियम सामान्य वॉर्डात न ठेवता वेगळे, कुलपात ठेवण्याचा निर्णय अशाच माहितीवरून घेता येतो. तो त्याच दिवशी अमलात आणण्याचा अधिकार इन्चार्ज सिस्टरला लेखी द्या. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, अधीक्षकांची सही लागते.