ज्वालामुखीत सोडा नसतो

(विज्ञान शिक्षकांच्या कार्यशाळेतील व्याख्यानाचं संपादित रूप)

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. परातीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. मी बरीच वर्षं सांगत आलो की हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, म्हणून पाणी तेवढंच चढलं. मुलं वहीत उतरवून घ्यायची. मग सातवीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत तीन मेणबत्त्या लावून बघितलं. पाणी चांगलंच वर गेलं. ‘सर, ग्लास तर तोच आहे. ऑक्सिजन कुठून वाढला?’

मी घंटेची वाट बघत उभा राहिलो. खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी घरी ओट्यावर पुन्हा करून पाहिलं. ज्योत जळत असते तोवर पाणी फारसं हलतच नाही. उलट ग्लास ठेवताना कडेखालून बुडबुडे निघतात. ज्योत विझली की मग ते झपकन चढतं. म्हणजे हवा तापून फुगली, थोडी बाहेर गेली. उरलेली गार होऊन आकसली आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकललं. ऑक्सिजन जळतो, पण ज्योत विझते तेव्हाही बराचसा शिल्लक असतो, आणि जळलेल्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आलेला असतो. तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त उष्णता, जास्त बुडबुडे. हे बुडबुडे इतकी वर्षं माझ्या नाकासमोर निघत होते. पण मला उत्तर आधीच पाठ होतं ना, मग बघतंय कोण!

आता विज्ञान प्रदर्शनातला तो ज्वालामुखी. मातीचा शंकू, खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. फसफसून वर आलं की टाळ्या. तो आम्ल आणि सोड्याचा प्रयोग म्हणून जरूर करा. पण ज्वालामुखीत सोडा नसतो. आणि गंमत अशी, की हा शंकू ज्या टेबलावर ठेवतो ते टेबल महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी लाव्हाच्याच खडकावर उभं असतं, फक्त तो लाव्हा अशा टोकदार डोंगरातून उडालेला नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून तो बाहेर आला, पातळ होता म्हणून दूरवर पसरला, थरावर थर बसले. सह्याद्रीच्या कड्यांना दिसणाऱ्या पायऱ्या त्यातूनच झाल्या.

हे दाखवायला मी तवा नेतो. पातळ धिरड्याचं पीठ आपसूक पसरतं, थालीपीठ मात्र थापावं लागतं. पातळ लाव्हा आणि घट्ट लाव्हा यांतला फरक मुलांना बोलून दाखवावा लागत नाही. शिवाय धिरड्याला जाळी पडते. बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा गार होऊन झालेल्या या काळ्या खडकाच्या, थराच्या वरच्या भागातही अशीच वायूची भोकं असतात, पुढे त्यांत गारगोटीसारखी खनिजं भरतात. तसा एक दगड वर्गात फिरवला की तव्यावर कुणाचं लक्ष राहत नाही. इथे मी लगेच विचारतो, आपलं धिरडं कुठे फसवतंय? एकदा एक पोरगा म्हणाला, ‘सर, धिरडं खालून तापतं. लाव्हा तर स्वतःच गरम असतो, वरून आणि खालून गार होतो.’ मला त्या दिवशी पगार मिळाल्यासारखं वाटलं. (धिरडं नंतर खाल्लं. प्रयोगशाळेत करू नका, जेवणाच्या जागी करा.)

शेवटची वीट. विटेला दोरी, दोरीला पायजम्यातलं इलास्टिक, इलास्टिक हळूहळू ओढायचं. वीट हलत नाही, इलास्टिक ताणत जातं, आणि एकदम वीट उडी मारते. पुन्हा थांबते. भूकंप साधारण असाच होतो: खडकांत ताण साठत जातो, घर्षण धरून ठेवतं, मग सुटतं. 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा धक्का, 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेचा किल्लारीचा. मुलांना या तारखा आजीकडून ठाऊक असतात, कारण मात्र ठाऊक नसतं.

यात उडी बघायला सगळ्यांना आवडतं. मी मात्र मोजपट्टी लावायला सांगतो. दर वेळी इलास्टिक किती सेंटिमीटर ताणल्यावर वीट सुटली ते लिहायचं. तीच वीट, तीच फरशी, तोच हात, तरी आकडे सारखे येत नाहीत. पाच-सहा आकडे झाले की कुणीतरी विचारतंच, ‘मग भूकंप आधी सांगता येतो का?’ मी म्हणतो, सातवी उडी तू सांग. अजून कुणाचा अंदाज ठरवून बरोबर आलेला नाही, माझाही नाही.

मागच्या बाकांवर विटा ठेवल्यात, चार-चार जणांत एक. आकडा आधी फळ्यावर लिहा, मग ओढा. आणि ओढणाऱ्याने चपला काढू नका, वीट पायावर येते.