शेवया नव्हेत, पेठा

पत्रिकेत विषय छापलाय 'जनुकाचा पत्ता आणि जनुकाचं काम'. कामाकडे येतोच, आधी पत्ता. कारण एक चित्र डोक्यातून जाता जात नाही: पेशीचं केंद्रक म्हणजे वाटी आणि आत 46 गुणसूत्रं, म्हणजे डीएनएच्या 46 शेवया, एकमेकींत गुरफटलेल्या. सुमारे दोन मीटर डीएनए दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास कोंबायचा, तर शेवया सुचणारच म्हणा.

प्रत्येक गुणसूत्राचा इलाखा वेगळा, हे जीवशास्त्रज्ञ बोव्हेरीनं 1909 मध्येच मांडलं होतं. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात इलाखे दिसेनात, आणि शेवया परत आल्या. मग संशोधक क्रेमर बंधूंनी हॅमस्टरच्या जिवंत पेशींत, केंद्रकाच्या एका ठिपक्यावर अतिनील लेसर मारला. शेवया असत्या तर बहुतेक सगळ्याच गुणसूत्रांना थोडा थोडा चटका बसला असता. बसला तो मोजक्यांनाच, आणि जबर. म्हणजे पेठा! पुण्यात सदाशिव पेठेत आग लागली तर कसबा पेठेला झळ नाही. (पुणेकर हसले, बाकीच्यांना नंतर समजावतो.)

आता माझी तक्रार. रंगीत गुणसूत्रांची सुंदर चित्रं तुम्ही पाहता. त्यातली कितीतरी मिथेनॉल-ॲसेटिक आम्लात स्थिर करून, काचपट्टीवर वाळवलेल्या पेशींची असतात. वाळताना गोल केंद्रकाचा पापड होतो. मग छताला चिकटलेलं गुणसूत्र वरून पाहताना मधोमध दिसतं, आणि आपण लिहितो 'मध्यवर्ती'! खरी जागा हवी तर 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये दहा मिनिटं ठेवा, आणि तिथून शेवटपर्यंत पट्टी एकदाही वाळू देऊ नका. प्रोब, म्हणजे हव्या त्या गुणसूत्राला चिकटणारा चमकता डीएनएचा तुकडा, आत शिरावा म्हणून 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये भिजवून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, वितळवा, पुन्हा गोठवा. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. प्रोब आणि पेशी 75 अंशांवर एकत्र, दोनतीन मिनिटं. जास्त तापवलं तर रचनाच विस्कटते, कमी तापवलं तर डीएनएचे धागे सुटत नाहीत आणि चित्र काळं. पुढे 37 अंशांवर दोन दिवस. शेवटी साधारण 0.2 मायक्रॉनच्या अंतरानं थरामागून थर टिपा, एकाच फोटोवर भागवू नका. घाई करणाऱ्यानं सरळ पापडच भाजावेत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, काम.

18 आणि 19 ही गुणसूत्रं आकारानं फार वेगळी नाहीत. पण लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीमध्ये जनुकांनी गजबजलेलं 19 मध्याकडे, विरळ 18 कडेला. हे 1999 मध्ये दिसलं. केंद्रकाच्या कडेच्या लॅमिन या प्रथिनाच्या जाळीला टेकलेली जनुकं बहुधा गप्प असतात. इलाख्याच्या आत कोहेसिन नावाचं प्रथिन डीएनएचे फास ओढतं आणि डीएनएवर बसलेलं सीटीसीएफ हे दुसरं प्रथिन लागलं की थांबतं. त्यातून कुंपणं पडतात.

कुंपण मोडलं तर? बोटं आखूड होतात. ईपीएचएफोर जनुकाशेजारचं कुंपण गळालं की त्या जनुकाची चालना पलीकडच्या पॅक्सथ्री जनुकाला मिळते, आणि वाढत्या हातात ते भलत्या जागी चालू होतं. 2015 मध्ये रुग्णांच्या कुटुंबांत सापडलेला हा बदल उंदरांत करून पाहिला, तिथंही बोटं आखूडच झाली. पॅक्सथ्रीच्या स्वतःच्या अक्षरांत मात्र एकही चूक नव्हती.