डोईपट्टी गेली, मग गावाच्या हाती काय उरलं?

पंचायत राजला घटनेत स्थान देणारी आपली 73वी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली डिसेंबर 1992 मध्ये. त्याच वर्षी युगांडाचे अध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनीही विकेंद्रीकरणाची घोषणा केली. पुढे 1995 ची राज्यघटना आणि 1997 चा स्थानिक शासन कायदा आला. आपण जे केलं ते बरंचसं स्वतःच्या तिजोरीतून. युगांडाच्या मागे मात्र देणगीदार देश आणि संस्था रांगेनं उभ्या होत्या.

पण पाया परदेशी नव्हता, हे आधी सांगतो. मुसेवेनींच्या बंडखोर फौजेनं लुवेरोच्या जंगलात लढताना गावोगाव परिषदा उभ्या केल्या होत्या. एलसी म्हणजे ‘लोकल कौन्सिल’, स्थानिक परिषद. गावाची ती एलसी 1, उपविभागाची एलसी 3, जिल्ह्याची एलसी 5, अशी त्यांची आजची उतरंड. देणगीदारांनी या तयार सांगाड्यात पैसा ओतला. डेन्मार्कनं राकाई जिल्हा धरला, इतरांनी आपापले जिल्हे वाटून घेतले. दाता बदलला की हिशेबाची वहीही बदलायची.

यातून संयुक्त राष्ट्रांच्या भांडवल विकास निधीनं एक चांगली वाट काढली, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मोजक्या जिल्ह्यांत नियम घातला: रस्ता बांधायचा की विहीर, ते तुम्ही ठरवा, पण आराखडा हवा, हिशेब वेळेवर हवेत आणि साधारण दहा टक्के वाटा तुमचा हवा. काम चांगलं, तर पुढच्या वर्षी अनुदान वाढणार. ढिसाळ, तर कापलं जाणार. जागतिक बँकेनं 2000 पासून हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर नेली. आज अनेक देशांत कामगिरीवर आधारित अनुदान दिलं जातं, त्याचं एक मूळ इथं आहे.

मला त्यातला तो दहा टक्क्यांचा वाटा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो यायचा कुठून? मुख्यतः ‘ग्रॅज्युएटेड टॅक्स’मधून. इंग्रजांच्या काळापासूनची ही डोईपट्टी, मिळकतीप्रमाणे कमीजास्त होणारी. अत्यंत नावडती. थकबाकीदारांची धरपकड व्हायची, वसुलीवाले येताना दिसले की पुरुष पळून जायचे. पण ग्रामीण उपविभागात वसूल झालेल्या रकमेचे 65 टक्के तिथंच राहायचे आणि त्यातला हिस्सा गावाला मिळायचा. म्हणजे ज्यानं पट्टी भरली, त्याला ‘माझे पैसे कुठं गेले?’ असं परिषदेच्या दारात जाऊन विचारता यायचं.

2006 ची बहुपक्षीय निवडणूक तोंडावर आली आणि 2005 मध्ये सरकारनं ही पट्टी काढून टाकली. लोक खूश! कोण नसेल? केंद्रानं भरपाई देऊ केली, ती बुडालेल्या उत्पन्नाला पुरी पडली नाही. आपल्याकडे जकात गेल्यावर महापालिकांना भरपाईसाठी मंत्रालयाकडे डोळे लावावे लागले, त्यावरून कल्पना करा. फक्त तिथं जवळ दुसरं काहीच नव्हतं. जिल्ह्यांचा बहुतेक सगळा खर्च आता राजधानी कंपालातून येणाऱ्या पैशावर चालतो, आणि त्यातला बराच भाग कशावर खर्चायचा हे तिथूनच ठरून येतं. दरम्यान, मुसेवेनी सत्तेवर आले तेव्हा 33 असलेले जिल्हे 130 च्या पुढे गेले. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नव्या जागा आणि निवडणुकीत कामाला येणारी माणसं. याला विकेंद्रीकरण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

देणगीदारांना हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बरीच मदत थेट केंद्राच्या अर्थसंकल्पात जमा होऊ लागली होती. देणाऱ्याला ते सोयीचं: एकच मंत्रालय, एकच बैठक. 2012 मध्ये पंतप्रधान कार्यालयातून उत्तर युगांडाच्या पुनर्बांधणीचा पैसा खासगी खात्यांत वळल्याचं उघड झालं. युगांडाच्याच महालेखापरीक्षकांनी ते बाहेर काढलं. आयर्लंड, ब्रिटन, डेन्मार्क, नॉर्वे यांनी मदत रोखली आणि आयर्लंडला त्याचे पैसे परतही मिळाले. आयरिश करदात्यानं जाब विचारला, त्याला उत्तर मिळालं. पैसा ज्यांच्यासाठी होता त्या उत्तरेतल्या माणसानं त्यात एक शिलिंगही भरला नव्हता. तो कोणत्या नात्यानं विचारणार होता?