ओळखीच्या तीन जाती

पासवर्ड विचारून झाल्यावर एखाद्या संकेतस्थळाने आईचे माहेरचे आडनावही विचारले, की बंदोबस्त दुप्पट झाला असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. सुरक्षेच्या हिशेबात मात्र तो एकपटच राहतो, कारण दोन्ही गोष्टी केवळ ठाऊक असण्याच्या आहेत, आणि त्यांतली दुसरी तर सोयरीक जुळवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

ओळख पटवणारे घटक तीन जातींचे मानले जातात: माणसाला ठाऊक असलेले, त्याच्याजवळ असलेले आणि त्याच्या शरीराचे. ही विभागणी कशासाठी, हे चोराच्या बाजूने पाहिले की समजते. पासवर्ड चोरीला गेला तरी तो आपल्याकडेही उरतो, त्यामुळे चोरी झाल्याचे कळतच नाही. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या सीटीएसएस या सामायिक संगणकावर अ‍ॅलन शेर या विद्यार्थ्याने, संगणक वापरायला ठरवून दिलेला वेळ अपुरा पडतो म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली होती. कार्ड गेले तर निदान पाकीट उघडल्यावर लक्षात येते. एटीएममध्ये कार्ड आणि पिन अशा दोन भिन्न जाती एकत्र येतात, म्हणून चोराला दोन वेगळ्या चोऱ्या कराव्या लागतात.

माझ्या मते खरा घोळ ओटीपीचा आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्ड-व्यवहारांसाठी, कार्डावर न दिसणाऱ्या माहितीच्या आधारे, जादा पडताळणी सक्तीची केली आणि पुढे ओटीपी आपल्या अंगवळणी पडला. तो जवळच्या वस्तूत मोडतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो एवढेच सांगतो, की त्या क्रमांकावरचा संदेश कोणाच्या तरी हाती पडला. सिमकार्डाची दुसरी प्रत कोणी लबाडीने काढली, तर संदेश तिकडे जातो. शिवाय ते आकडे फोनवर वाचून दाखवता येतात, आणि वाचून दाखवताच त्यांची जात बदलून ते पासवर्डाच्या पंगतीला जाऊन बसतात.

शरीराचा घटक घरी विसरत नाही, पण बदलूनही मिळत नाही. २०१५ साली अमेरिकी सरकारच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून सुमारे ५६ लाख जणांच्या बोटांचे ठसे चोरीला गेल्याचे उघड झाले. त्यांना नवी बोटे कोण देणार? आपल्याकडे रेशन दुकानात उलटी अडचण दिसते. गवंडीकाम करणाऱ्याच्या बोटांच्या रेषा सिमेंटने झिजलेल्या असतात, तो अंगठा सदऱ्याला पुसून पुन्हा टेकवतो, आणि तरीही मशीन ‘अंगठा घेत नाही’.

पासकी या, पासवर्डाऐवजी फोनमधल्या किल्लीने ओळख पटवणाऱ्या अलीकडच्या पद्धतीत ठसा फोनबाहेर जातच नाही. तो फोनमधली गुप्त किल्ली वापरण्याची मुभा देतो, आणि ती किल्ली ज्या संकेतस्थळासाठी तयार झाली त्याच पत्त्याला उत्तर देते. त्यामुळे भामट्याने हुबेहूब पान उभारले तरी त्याला वाचून दाखवण्याजोगे आपल्याकडे काही नसते. बोट ओले असल्याने ठसा जुळला नाही, तर फोन पुन्हा पिनच मागतो खरा. पण तो पिन त्या एका फोनपुरता चालतो, तेव्हा कोणी तो खांद्यावरून पाहून ठेवला, तरी त्याला आधी फोन पळवावा लागतो.