सहा सेकंदांत गेलेला डाग

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचंय जादूच्या गावांबद्दल. टेबलाभोवती बसून, फासे टाकून, कागदावर पात्रं घेऊन खेळतात ते फँटसी खेळ तुमच्यापैकी अनेकांनी खेळले असतील. १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला, तेव्हापासून जगभर माणसं अशी गावं मांडतायत. मीही बरीच वर्षं गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून मांडतोय. आणि एक गोष्ट मला फार छळते. गावात जादूगार असतो, पण त्याच्या असण्याची गावाला काही खबरच नसते! तेच तेलाचे दिवे, तीच पाण्याची रांग, तोच गल्लीतला चिखल. जादूगार वर मनोऱ्यात आणि गाव खाली अंधारात.

असं होणं शक्यच नाही. जिथे रोजची जादू आहे, तिथे गावाचे रस्तेसुद्धा वेगळे पडतील. आणि गाव घडवतात ते छोटे मंत्र. आगीचा गोळा वर्षातून एकदा पडेल, पण धुणं रोजच असतं. या खेळात मोठे मंत्र दिवसातून मोजकेच टाकता येतात. कँट्रिप म्हणतात ते छोटे मंत्र मात्र हवे तितक्या वेळा. एवढं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. छोटा मंत्र संपत नाही.

आधी दिव्याचं बघू. हा काही कँट्रिप नव्हे, पण एकदा टाकला की कायमचा. 'कंटिन्युअल फ्लेम' म्हणजे न विझणारी ज्योत. २०१४ च्या नियमांत तिला सोन्याच्या ५० नाण्यांची माणकाची पूड लागते. त्याच नियमांत साध्या मजुराला दिवसाला चांदीची २ नाणी मिळतात, आणि सोन्याचं एक नाणं म्हणजे चांदीची दहा. हिशेब करा. एका दिव्यामागे २५० दिवसांची मजुरी. महाग आहेच, पण खर्च एकदाच. नंतर तेल नको, वात नको, काजळी नाही. आता गंमत अशी, की ही ज्योत झाकता येते, विझवता येत नाही. म्हणजे गावाला झोपायचं असेल तर प्रत्येक दिव्याला झाकण हवं, आणि संध्याकाळी ती उघडत, उशिरा लावत फिरणारा माणूस हवा. तेल विकणारा गेला, झाकणवाला आला. तेराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये अनेक कारागिरांना रात्री काम करायची मनाई होती. अपुऱ्या उजेडात माल नीट होत नाही, हे त्याचं एक कारण. आपल्या गावात ते कारणच उरत नाही. मग रात्रपाळी येते, आणि रात्रपाळीबरोबर तिची भांडणंही येतात.

आता जे सांगण्यासाठी मी खरं तर आलोय, ते सांगतो.

मी एक नदीकाठचं गाव मांडलं होतं. नदीवर धुण्याचा घाट. एक नावाडी बेपत्ता झालेला, आणि त्याचं काय झालं हे खेळाडूंनी शोधायचं. गुन्हेगार होता धान्याच्या गोदामाचा रखवालदार. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर रक्ताचा डाग, आणि तो सदरा घाटावर धुवायला जाणार. घाटावरच्या बायकांच्या नजरेतून काही सुटत नाही, त्या बोलणार आणि धागा खेळाडूंच्या हाती लागणार. हे सगळं मी वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. वहीतच लिहावं, माझं ठाम मत आहे. पडद्यावर लिहिलेलं गाव मला कधी आपलं वाटत नाही. आणि फासे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाकावेत. तो आजचा विषय नाही, पण राहवत नाही म्हणून सांगितलं.

तर आमच्यातल्या एकीचं पात्र होतं नवशिकी जादूगारीण. तिच्याकडे 'प्रेस्टिडिजिटेशन' होता, एक कँट्रिप. एक घनफुटापर्यंतची कुठलीही वस्तू क्षणात स्वच्छ. एक मंत्र टाकायला एक फेरी, म्हणजे सहा सेकंद. ती म्हणाली, "नावाडी शोधू नंतर, आधी मी इथे दुकान टाकते. तांब्याचं एक नाणं, एक कपडा."

मी म्हटलं, "चादर एक घनफुटात कशी बसेल?"

ती म्हणाली, "घडी घालून!"

यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं, घडी चालेल. कुणीतरी पुठ्ठ्याची एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटी करून टेबलावर ठेवली. पेटीत बसेल ते धुतलं जाईल.

आणि श्रोतेहो, त्या पेटीने माझं गाव बदललं. मिनिटाला दहा मंत्र, तासाला सहाशे, आणि छोटा मंत्र संपत नाही! खेळातले दोन महिने गेले. घाट ओस पडला. बायका नगरसभेत दाद मागायला आल्या. त्यांच्यातली एक पुढे झाली आणि म्हणाली, "धुणं गेलं ते गेलं. पण पेटीत बसेल अशी घडी तुम्हाला येत नाही. ती आम्हाला येते." दुसऱ्या दिवसापासून दुकानाबाहेर घडी घालणाऱ्यांची रांग बसली. सुतार लाकडी पेट्या करू लागला. पुढे लोक धान्यही त्या पेटीने मोजू लागले. यातलं काहीही मी आधी ठरवलेलं नव्हतं.

नावाड्याचा मात्र पत्ता नाही. खेळाडू फिरून फिरून दमले. घाटावर जाऊन विचारायचं म्हटलं, तर घाटावर माणूस नाही. एके रात्री ती गप्प बसून होती आणि एकदम म्हणाली, "थांब. गोदामाचा रखवालदार माझ्याकडे आला होता ना? सदरा घेऊन?"

मी म्हटलं, "आला होता."

"त्या सदऱ्यावर काय होतं?"

मी वही उघडून तिच्यासमोर ठेवली. बाहीवर रक्ताचा डाग. तिनेच तो सहा सेकंदांत काढला होता, तांब्याच्या एका नाण्यात. टेबलावर कुणी बोलेना. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच सांगतो. त्या नावाड्याला आमच्यापैकी कुणी पाहिलंही नव्हतं.

रखवालदार पुढे सापडला, पण दुसऱ्या वाटेने, फार उशिरा. नंतर तिनेच नगरसभेकडून नियम करून घेतला: मंत्राने कपडा स्वच्छ करण्याआधी कुणाचा कपडा आणि कसला डाग हे नोंदवहीत लिहायचं. नोंदी ठेवायला घडी घालणाऱ्यांतलीच एक बाई नेमली.

तेव्हापासून गाव मांडताना मी तीन प्रश्न विचारतो. हा मंत्र कोण टाकतं? दिवसाला किती वेळा? आणि त्यामुळे कोणती जागा ओस पडते? परत सांगतो, कारण लिहून घेणारे असतील: कोण, किती, आणि कोणती जागा ओस.

बाकीचं आता भराभर. 'प्लांट ग्रोथ' आठ तास टाकला तर अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतली जमीन वर्षभर दुप्पट पीक देते. मग निम्मी शेतं पुरतात, निम्मे हात मोकळे होतात आणि ते शहराकडे येतात. म्हणजे वेशीबाहेर वस्ती वाढवा. अन्नपाणी शुद्ध करणारा मंत्र पाच फुटांच्या त्रिज्येतलं सगळं शुद्ध करतो, तेव्हा विहिरीशेजारी पुजारी बसवा. एकाच जागी वर्षभर रोज 'टेलिपोर्टेशन सर्कल', म्हणजे क्षणात दूरच्या गावी नेणारं वर्तुळ, टाकलं तर ते कायमचं होतं. मग महत्त्वाचा बाजार नदीच्या उतारापाशी कशाला भरेल? तो त्या वर्तुळाभोवती भरेल, आणि जकातनाकंही तिथेच येईल. यावर पुन्हा कधीतरी सविस्तर बोलू.

ती पुठ्ठ्याची पेटी अजून माझ्याकडे आहे. कोपरे फाटलेत, दोनदा चिकटवलेत. नवीन खेळ सुरू झाला की ती आधी टेबलावर येते, मग फासे.

नमस्कार.